आवाज थांबला की

१

कान तपासायच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत माणूस बसला की ताई प्रत्येकाला एकच सांगायची, "आवाज आला की बोट वर, गेला की खाली. कितीही बारीक असला तरी." मग जाड दार लावून घ्यायची, काचेच्या अलीकडे यंत्रापुढे बसायची आणि एकेक सूर सोडायला लागायची.

इतकी वर्षं हेच काम केल्यावर तिला माणसांपेक्षा त्यांची बोटंच जास्त ओळखीची झाली होती. म्हातारे अभिमानापोटी बोट वर करत. बायको बाहेर बसलेली असली तर जरा जास्तच. हलकं काम मिळावं म्हणून बहिऱ्याचं सोंग घेऊन आलेले ऐकू आलं तरी बोट दाबून धरत, पण त्यांची पापणी हलायची. म्हणून ताई मधूनच थांबे. काहीही न वाजवता नुसती बघत बसे. आपण असं थांबलो की खोटं बोट आपोआप उघडं पडतं.

त्या दिवशी आत एक चष्मेवाला बसला होता. लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेणाऱ्या एका मोठ्या ऑफिसातला. ताईची धाकटी बहीण चिऊ तिथेच कामाला होती. दिवसभर फोन कानाला लावून बसणारी माणसं, म्हणून ऑफिस सगळ्यांना पाळीपाळीनं तपासणीला पाठवत होतं. चष्मेवाल्याचे कान उत्तम होते. अगदी बारीक सुरालाही त्याचं बोट उठत होतं.

नेहमीसारखी ताई थांबली. त्याचं बोट वर गेलं.

खोटं बोट घाईनं उठतं आणि त्याचा मालक लगेच तुमच्या तोंडाकडे बघतो. हे तसं नव्हतं. ते सावकाश वर गेलं, थोडा वेळ तसंच राहिलं, सावकाश खाली आलं. चष्मेवाला तिच्याकडे बघतही नव्हता. त्यानं मान किंचित एका बाजूला वळवली होती. शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारली असावी आणि पुन्हा मारतंय का बघावं, तशी.

ताईनं यंत्रावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. बोट पुन्हा वर गेलं.

"काय ऐकू आलं?" तिनं माइकवरून विचारलं.

"आवाज."

"कसला? शिट्टीसारखा?"

"नाही, ते तुमचं. हे दुसरं."

"दुसरं कुठलं?"

त्यानं तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं पावसाला ओलं का म्हणतात असं विचारलं होतं. "तुमचं थांबलं की येतं ते."

कानात गुणगुण ऐकू येणारे लोक तिच्याकडे रोज येत. त्यातलाच एक, असं म्हणून तिनं पुढच्याला आत बोलावलं.

२

घरात तिघंच. ताई, चिऊ आणि बाबा. आई गेल्याला खूप वर्षं झाली होती आणि मधला भाऊ लग्न करून दुसऱ्या गावी राहत होता.

बाबांचा सारा जन्म पत्रे ठोकायच्या कारखान्यात गेला. कान तिथेच गेले, आणि छातीही. श्वास घेताना त्यांच्या छातीत घरघर व्हायची, झोपले की ती घरघर घोरण्यात मिसळायची आणि जागेपणी ते असे बोलत की जणू मध्ये अजून यंत्रं चालू आहेत. "आमच्या घरात गुपित राहूच शकत नाही," चिऊ म्हणायची. "बाबांना सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं." बाबा घरात कुठे आहेत हे कधी बघावं लागत नसे.

चिऊला चिऊ म्हणत ते तिच्या बडबडीमुळे. पण त्या ऑफिसात लागल्यापासून ती संध्याकाळी घसा बसलेली, डोकं धरून घरी यायची. हॉल सगळा काचेचा, खाली गुळगुळीत फरशी. एकाचा आवाज भिंतीवर आपटून दुसऱ्याच्या कानात, म्हणून दुसरा जरा जास्त मोठ्यानं बोलणार, म्हणून तिसरा त्याहून मोठ्यानं. "बाजार परवडला," चिऊ म्हणायची. "बाजारात निदान भाजी तरी मिळते." दोघीजणी तिथे चक्कर येऊन पडल्या, एकानं फोन भिंतीवर फेकला, तेव्हा कुठे ऑफिसला जाग आली. छताला आणि भिंतींना आवाज शोषून घेणाऱ्या जाड करड्या नमद्याच्या पाट्या लावल्या, खाली गालिचा घातला, खुर्च्यांच्या पायांना रबर बसवलं.

"ताई, स्वर्ग आहे गं आता," चिऊ पहिल्या दिवशी म्हणाली. ती नीट जेवू लागली, नीट झोपू लागली. ताईला हायसं वाटलं.

मग एका संध्याकाळी ताई घरी आली तर पंखा बंद होता आणि चिऊ घामानं निथळत बसली होती.

"अगं, उकडत नाही का तुला?"

"कुरकुरतो तो."

पुढे भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून तिनं त्यातला सेल काढून ठेवला. खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली. नळाच्या तोंडाला दोरा बांधला, थेंब दोऱ्यावरून घरंगळत खाली यावा आणि वाजू नये म्हणून. ताईनं ते बघितलं आणि मनाशी म्हणाली, इतके दिवस कोलाहलात काढलेत पोरीनं. पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

बाबांना यातलं काही कळलं नाही. त्यांना घड्याळ कधी ऐकूच येत नव्हतं.

३

पुढच्या खेपेला त्या ऑफिसातले तिघं एकदम आले. एक उंच मुलगी आत गेली, बाकीचे दोघं बाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसले. मधल्या दाराला काच होती, त्यामुळे ताईला दोन्हीकडचं दिसत होतं.

ती थांबली. मुलीचं बोट सावकाश वर गेलं. ताईची नजर सहज दाराकडे वळली.

बाकावरच्या दोघांचं बोलणं बंद झालं होतं. एकाचं तोंड शब्दाच्या मध्येच उघडं राहिलं होतं. दोघांच्या माना एका बाजूला वळल्या होत्या. आत बोट खाली आलं आणि बाहेर तो माणूस आपलं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करू लागला.

ताईनं पुन्हा थांबून बघितलं. पुन्हा तेच. मग ती मुद्दाम सूर वाजवत राहिली, एकामागून एक, खंड न पडू देता. मुलगी कंटाळून जांभई देऊ लागली, बाकावरचे दोघं हसत होते. तिनं हात उचलला. तिघांच्या माना वळल्या.

त्या खोलीच्या भिंती हातभर जाड होत्या. आत कोणी गळा फाडून ओरडलं तरी बाकावर ऐकू गेलं नसतं.

शांततेत मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, हे ताई रोज लोकांना समजावून सांगायची. भूक लागली की जसा अन्नाचा वास येतो तसं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असंही सांगायची. आता तिनं तेच स्वतःला सांगून पाहिलं. पण एकाच्या पोटातल्या भुकेनं तिघांच्या तोंडाला एकाच क्षणी पाणी सुटत नाही.

"ऑफिसात सगळ्यांनाच येतं का ते ऐकू?" तिनं बाहेर पडणाऱ्या मुलीला विचारलं.

"नाही हो," मुलगी म्हणाली. "काही जण अजून नवीन आहेत."

४

फोनचा आवाज प्रमाणात आहे का बघायचं निमित्त काढून ताई त्या ऑफिसात गेली. हॉलवर देखरेख करणाऱ्या बाई दारातच भेटल्या. ठसठशीत, हसऱ्या, अभिमानानं फुललेल्या. "या, या. बघा आमची जादू," त्या अगदी हळू म्हणाल्या आणि दार ढकललं.

टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, असं आपण म्हणतो. इथे टाचणी पडली असती तर ती पडलीच नाही असं वाटलं असतं. ताई काहीतरी बोलली आणि तिचा आवाज ओठांपाशीच गळून पडला. थोड्या वेळानं तिला स्वतःच्या मानेतलं रक्त ऐकू येऊ लागलं. मग गिळलेली थुंकी. मग डोळे मिटले-उघडले की पापण्यांचा काहीतरी ओलसर आवाज. खोल्यांना आपला एक आवाज असतो, आणि माणूस नकळत त्याच्या आधारानं उभा असतो, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. आधार काढून घेतल्यावर कसं वाटतं ते तिला आता कळलं. तिनं जवळची खुर्ची धरली.

ओळीनं माणसं बसली होती, फोनवर कुजबुजत होती. घंटा नव्हत्या, नुसते दिवे लागत. चिऊ तिसऱ्या ओळीत होती.

आणि मग योगायोगानं, निदान ताईनं तरी तो योगायोगच मानला, सगळ्यांची बोलणी एकाच वेळी संपली. हॉलभर माना वळल्या. चिऊचीही. तिच्या तोंडावर जे हसू होतं ते ताईनं लहानपणानंतर बघितलं नव्हतं. आई केस विंचरायला बसली की चिऊ तसं हसायची. सगळ्यांची तोंडं एका भिंतीकडे होती. भिंतीवर करड्या पाट्यांशिवाय काही नव्हतं.

ताईला खोकला आला. दाबायचा प्रयत्न केला, पण आलाच.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. ताटात केस निघाला की आपण त्याच्याकडे बघतो, तसं.

तिनं नजर चुकवली. शेजारीच एक रिकामी खुर्ची होती, टेबलावर अजून पाण्याचा पेला पालथा घातलेला. "इथे कोण बसतं?" काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं.

"होता एक," बाई म्हणाल्या. "दम्याचा. श्वास फार वाजायचा बिचाऱ्याचा."

"सोडून गेला का?"

बाईंना उत्तर द्यायला वेळ लागला. त्यांचंही लक्ष भिंतीकडे गेलं होतं.

"तो गेल्यावर बरंच स्पष्ट झालं," त्या म्हणाल्या.

५

"उद्यापासून तू तिथे जायचं नाहीस," ताईनं घरी आल्यावर चिऊला सांगितलं.

तिला वाटलं होतं चिऊ भांडेल. चिऊ भांडली नाही. स्वयंपाकघरात ती हातातलं ताट कपड्यावर ठेवत होती, वाजू नये म्हणून. "बरं," ती म्हणाली. "आता जायची गरजही नाही. घरीही येतं."

"काय येतं, चिऊ? मला सांग तरी."

"तुला सांगून कळणार नाही."

"माझा सगळा धंदाच ऐकण्याचा आहे. सांगून तर बघ."

चिऊनं बराच विचार केला. "अजून बोललं नाहीये ते," ती म्हणाली. "बोलायच्या तयारीत आहे. दरवेळी थोडं जास्त जवळ येतं, आता बोलणार, आता बोलणार असं होतं, आणि नेमकं..."

"चहा झाला का गं?" बाबा बाहेरच्या खोलीतून गरजले.

चिऊनं डोळे घट्ट मिटले. कोणीतरी थोबाडीत मारावी तसे.

"नेमकं काहीतरी वाजतं," ती म्हणाली.

ताईनं पंखा लावला. रेडिओ लावला, मोठ्यानं. घड्याळात सेल घातला. चिऊ आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाजसुद्धा आला नाही. त्या दिवसापासून ताईनं रजा घेतली आणि आपलं अंथरूण बाहेरच्या, बाबांच्या खोलीत हलवलं. का, ते तिनं स्वतःलाही स्पष्ट सांगितलं नाही. बाबांना मात्र मजा वाटली. "घोरण्याची तक्रार करायची नाही हां!" ते म्हणाले. "या घोरण्यावर तुमच्या आईनं संसार केलाय."

एका ओळखीच्या डॉक्टरांशी ताई फोनवर बोलली. त्यांनी चिऊला घेऊन या म्हणून सांगितलं. सोमवारी जायचं ठरलं.

६

रविवारी दुपारी वीज गेली.

ताई स्वयंपाकघरात भांडी धूत होती. पंखा मंदावत थांबला. फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला. रेडिओ, खालच्या मजल्यावरचा टीव्ही, शेजारचा मिक्सर, सगळं एकदम थांबलं. घड्याळातला सेल चिऊनं सकाळीच पुन्हा काढला होता. तिनं नळ बंद केला, आणि तेव्हा तिला समजलं की घरात आता एकच आवाज उरला आहे. जेवून आडवे झालेले बाबा घोरत होते.

मग तोही थांबला.

कुशीवर वळले असतील, तिला वाटलं. ती हातात ओलं पातेलं घेऊन उभी राहिली. आणि मग तशीच उभी राहिली. याबद्दल तिनं पुढे कोणाला एक अक्षरही सांगितलं नाही.

पहिल्यांदा काहीच नव्हतं. मग स्वयंपाकघर आहे त्यापेक्षा मोठं वाटू लागलं. दिसायला तेवढंच, पण कानांना मोठं, लांबवर पसरलेलं. आणि त्या लांबीच्या टोकाला कोणीतरी होतं. फोन उचलून पलीकडचा माणूस काही बोलत नाही, पण तो आहे हे आपल्याला समजतं, तसं. ते जवळ आलं. तिची मान आपोआप वळली. भिंतीवर झारा आणि दोन पळ्या टांगल्या होत्या. त्यांच्या पलीकडून, अगदी कानाजवळ, कोणीतरी श्वास आत घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा. तिला फार फार ओळखणाऱ्या कोणीतरी. आता पुढचा शब्द येणार होता, आणि तो शब्द काय आहे हे तिला जवळजवळ माहीत होतं.

ठक. ठक.

लाकडावर काहीतरी आपटत होतं. बाहेरच्या खोलीत.

तिला संताप आला. दुसरं काही नाही, आधी फक्त संताप. तिच्या तोंडून "श्श" असं निघालं, आणि आपलं बोट ओठांवर आहे हे तिच्या लक्षात आलं.

ठक.

बाबांची टाच पलंगाच्या फळीवर आपटत होती.

पातेलं तिच्या हातातून सुटलं. ती धावली. चिऊ पलंगाच्या कडेवर बसली होती, रडणाऱ्या बाळाला गप्प करावं तशा मायेनं बाबांवर वाकलेली. तिचा पंजा त्यांच्या नाकातोंडावर घट्ट बसला होता, दुसरा हात त्यांच्या कपाळावरून फिरत होता आणि तोंड भिंतीकडे वळलेलं होतं. हसरं. ताईनं तिला केसांना धरून मागे ओढलं. बाबांनी असा श्वास ओढला की ती घरघर जिन्यापर्यंत ऐकू गेली असेल.

"थोडंच राहिलं होतं गं," चिऊ जमिनीवरून रडत म्हणाली. "ताई, तुला पण आलं होतं ना? खरं सांग. आलं होतं ना?"

"काहीही आलं नव्हतं," ताई म्हणाली.

७

चिऊ आता एका मोठ्या इस्पितळात आहे. वॉर्डात सतत कोणीतरी ओरडत असतं, कोणी भांडं आपटत असतं. तिला स्वतंत्र, शांत खोली द्यावी असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ताईनं ते होऊ दिलं नाही. "तुम्ही बहीण आहात की वैरीण?" असं एक नर्स तोंडावर म्हणाली. ताईनं ऐकून घेतलं.

ऑफिस चालू आहे. आणखी एक मजला घेतला म्हणतात.

बाबा बरे झाले. त्या दुपारबद्दल ते कधी बोलले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, "पोरीचा हात किती थंड होता." नंतर काही दिवसांनी ताईनं भावाला फोन केला आणि बाबांना घेऊन जायला सांगितलं.

"अगं पण आता कशाला?" भाऊ म्हणाला. "चिऊ तर घरात नाही. आता त्यांना कसली भीती?"

"तू ये आणि घेऊन जा."

"ते इतकी वर्षं त्या घरात आहेत, ताई. तुझ्याशिवाय त्यांना..."

"माझं काम वाढलंय," ताई म्हणाली. "मला नाही जमत."

भाऊ रागावला होता. आला, पण तिच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलला नाही. दुपारी ती त्यांना सोडायला बसथांब्यावर गेली. बाबा खिडकीपाशी बसले. सामान वर चढत होतं, कंडक्टर ओरडत होता, मागची बस भोंगा वाजवत होती. ताईला त्या गोंगाटात बरं वाटत होतं.

"माझा कंटाळा आला होय गं तुला?" बाबांनी विचारलं. त्यांच्या मते हळूच. अख्ख्या बसनं वळून बघितलं.

"नाही, बाबा!" ती ओरडून म्हणाली. "कंटाळा कसला!"

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. जवळून त्यांची छाती ऐकू येत होती, घर्र, घर्र. ताईनं दात आवळून धरले आणि तो हात डोक्यावर राहू दिला. भाऊ तिच्याकडे बघत होता. तिला काहीतरी बोलायचंय असं त्याला वाटलं असावं, कारण तो थोडा पुढे वाकला.

बस सुटली. वळणावर दिसेनाशी झाली, तरी तिचा आवाज बराच वेळ येत होता. ताई तो संपायची वाट बघत उभी राहिली.